दहाव्याचा शब्द

सुवर्णाचा डावा कान तापाने गेला, असं सगळ्या मळ्याला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत तिने ते इतक्या जणांना सांगितलं होतं की कधी कधी तिला स्वतःलाच तो ताप आठवायचा. अंगावर गोधडी, उशाशी तांब्या, आणि सकाळी जाग आली तर एका बाजूचं जग मुकं झालेलं. खरं तर त्या दिवशी तिला कसलाही ताप नव्हता. झेंडूची तोडणी चालली होती. फुलं बाजारात नेणारा टेम्पोवाला काहीतरी गमतीचं बोलला आणि ती हसली. तिचा नवरा रंगनाथ, तोही हसला. टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत तो हसतच होता. मग तो तिला विहिरीजवळच्या खोलीत घेऊन गेला.

रंगनाथचा एक नेम होता. पोर घरात असताना तो बायकोवर हात उचलत नसे. रोशनी शाळेत गेली, क्लासला गेली, मामाकडे राहायला गेली, की मगच. त्यामुळे कॉलेज संपवून बसली तरी रोशनीला आपला बाप म्हणजे देवमाणूस वाटत होता, आणि तिच्याशी तो वागतही तसाच आला होता. आपल्या हाताने पोरीच्या वेण्या घालणारा बाप त्या शिवारात दुसरा नव्हता.

मागच्या श्रावणात तो गेला. बाजारातून परतताना मोटरसायकलला ट्रकचा धक्का लागला आणि सगळं जागच्या जागी संपलं. सुवर्णाला मुलगा नाही, म्हणून अग्नी दिला तो नणंदेच्या मुलाने, किशोरने. दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला तोही त्यानेच.

सगळं रीतीप्रमाणे झालं, फक्त कावळा येईना. घाटावर कावळे नव्हते असं नाही. शेजारी दुसऱ्यांचे पिंड होते, त्यांच्यावर ते झडप घालत होते. रंगनाथच्या पिंडाकडे मात्र मान वाकडी करून बघायचे आणि उडून जायचे. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला आहे. मग माणसं हात जोडून एकेक करून पुढे येतात आणि जे अडलं असेल ते आपण पार पाडू, असं त्याला सांगतात. चुलतभावाने बांधाचं भांडण सोडल्याचं सांगितलं. एका मित्राने दारू सोडतो म्हणून सांगितलं. कावळा आला नाही. ऊन वर चढलं, दगड तापले. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. तशी सोय आहे शास्त्रात." पण रंगनाथची थोरली बहीण अक्काबाई ऐकेना.

"माझा भाऊ गवताच्या कावळ्यानं जायचा नाय," ती म्हणाली आणि तिने सुवर्णाकडे पाहिलं. तिने पाहिलं म्हणून सगळ्यांनीच पाहिलं. "त्याचा जीव पोरीत हाय. सुवर्णा, तू बोल."

सुवर्णा पुढे झाली, हात जोडले. "रोशनीची काळजी करू नका," ती म्हणाली.

कावळा हलला नाही.

"नुसतं काळजी करू नका म्हणून काय व्हतंय?" मागून अक्काबाईचा आवाज आला. "त्याच्या मनात काय व्हतं ते बोल. पोर माझ्या घरात द्यायची व्हती त्याला. माझ्या किशोरला. बोल!"

आणि सुवर्णा बोलली, "देते. रोशनी वन्संच्या घरात देते. तुम्ही सुखानं जा."

एक कावळा खाली उतरला, पिंडाला चोच मारली आणि उडाला. जमलेल्या बायकांना हुंदका फुटला. चुलतभाऊ म्हणाला, "बघा, पोरीसाठीच थांबला व्हता बिचारा."

तो शब्द आता पुरा करायची वेळ आली होती. वर्षाच्या आत लग्न झालं तर ठीक, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून अक्काबाईने घाई लावली होती. वैशाखातल्या एका रविवारी मळ्यातच साखरपुडा करायचं ठरलं. रोशनीची ना नव्हती. पप्पांची शेवटची इच्छा म्हटल्यावर ती नाही म्हणणारच नव्हती.

किशोर ओझरकडे एका कारखान्यात कामाला होता. शनिवारी संध्याकाळी तो मळ्यात यायचा. अशाच एका शनिवारी सुवर्णा ओट्यावर हार ओवत बसली होती, रोशनी तिला शेवंती निवडून देत होती आणि किशोर पायरीवर बसून पोहे खात होता. रोशनीचा फोन वाजला. तिने उचलायच्या आधी किशोरने उचलून नाव वाचलं.

"महेश कोण?"

"कॉलेजात होता बरोबर. काही विचारायचं असेल."

"असं होय." किशोर हसला आणि फोन आपल्या खिशात टाकला. "जाताना देतो हां."

पुढचा तासभर तो फार छान बोलला. मामीच्या हाताला चव आहे म्हणाला, आत्याबाईसारख्या सासूच्या हाताखाली रोशनीचं कसं व्हायचं म्हणून स्वतःच्याच आईची नक्कल करून दाखवली, रोशनीला हसवून हसवून बेजार केलं. जाताना फोन परत दिला. सुवर्णाची नजर मात्र त्याच्यावरून हलली नव्हती. फोनचं तिला काही नव्हतं, तो तासभराचा चांगुलपणा तिच्या ओळखीचा होता. रंगनाथ चिडला की आधी असाच वागायचा.

गाडी फाटकाबाहेर गेली तशी रोशनी तिच्याजवळ येऊन टेकली.

"बघितलंस? अगदी पप्पांसारखा आहे. पप्पा नाही का परीक्षा आली की माझा फोन काढून ठेवायचे? काळजी असते गं अशा माणसांना." आणि थोडं लाजून म्हणाली, "मला तसाच माणूस पाहिजे होता, आई."

"तो तुझे पप्पा नाय," सुवर्णा म्हणाली.

"म्हणून तर सारखा म्हणते ना!"

सुवर्णाच्या हातातला हार तिथेच राहिला. सगळं सांगून टाकावं असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण सांगणार काय? तुझा बाप मला मारायचा? आणि ते सांगितलं तर घाटावर दिलेल्या शब्दाचं काय? जो माणूस चोच लागल्यावर सुटला, तो पुन्हा अडकणार नाही का?

या सगळ्याबद्दल बोलायला तिला एक जागा होती, पण तिथेही ती बोलली नव्हती.

रंगनाथ गेल्यावर थंडीत तिचा तोच डावा कान वाहायला लागला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कानात उजेड पाडून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कोणी मारलं होतं?" सुवर्णाने तापाचं सांगितलं. बाईंनी औषध लिहून दिलं आणि एक पत्ता दिला. नाशकात द्वारकेच्या चौकापासून जवळच, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दर बुधवारी दुपारी काही बायका जमतात, तिथे जाऊन नुसतं बसून या म्हणाल्या. घरी सुवर्णाने कानाचे उपचार चालू आहेत म्हणून सांगितलं, आणि दर बुधवारी ती तिथे जाऊन नुसती बसली.

तिथे उज्वलाताई होती, मधल्या वयाची, बारीक आवाजाची समुपदेशक. तिचे नियम साधे होते. जिला बोलायचं ती बोलेल. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, डोळे पुसायला धावायचं नाही, माझंही असंच झालं म्हणून मध्ये घुसायचं नाही. बोलून झालं की प्रत्येकीने फक्त 'ऐकलं' म्हणायचं. पहिल्या दिवशी सुवर्णाला ही शाळेतली हजेरी वाटली होती. पण महिने गेले तसं तिच्या ध्यानात आलं की एकामागून एक येणाऱ्या त्या शब्दासाठीच बायका लांबलांबून येतात. आजवर त्यांचं ऐकून घेऊन ऐकलं म्हणणारं त्यांना कोणी भेटलेलंच नव्हतं.

खुर्च्या गोल मांडलेल्या असायच्या आणि गोलात बसलं की कोणीतरी सुवर्णाच्या डाव्या बाजूला येणारच. तिथे गोजराबाई बसायची. गोजराबाई सुरगाण्याकडची, डोंगरातली. घराण्याची जमीन एकट्याला मिळावी म्हणून दिराने तिला डाकीण ठरवलं आणि गावकऱ्यांनी दगड मारून पाड्याबाहेर काढलं. आता नाशकात बांधकामावर वाळू चाळायची. "मी हितंच बसणार," ती म्हणायची. "माझा आवाज बहिऱ्या कानातून पण आत जातो." समोर मीनाताई असायच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, कायम इस्त्रीच्या साडीत. त्या सहसा बोलत नसत.

साखरपुड्याच्या आधीच्या बुधवारी उज्वलाने विचारलं, "सुवर्णाताई, आज काही बोलावंसं वाटतंय का?"

सुवर्णाने होकारार्थी मान हलवली. तोंड उघडलं. खाली द्वारकेच्या चौकात गाड्यांचे हॉर्न वाजत होते, ते ऐकत ती तशीच राहिली. शब्द येईना.

 उज्वलाने कोपऱ्यातली एक खुर्ची आणून सुवर्णाच्या समोर ठेवली. "घाई नाही. असं समजा की ज्यांच्याशी बोलायचंय ते ह्या खुर्चीवर बसलेत. तेव्हा जे बोलायचं राहून गेलं ते आता बोला. आम्ही आहोत इथे."

सुवर्णा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. मग ती उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली फरशीवर बसली.

"अहो, वर बसा ना."

"त्यांच्यापुढं खुर्चीवर कशी बसू, ताई?"

  तेवढ्यात गोजराबाई उठली, माठातून पेलाभर पाणी घेतलं आणि त्या खुर्चीवर नेऊन ठेवलं.

"हे काय, गोजराबाई?"

"पाव्हणा आलाय ना? पाणी नको का त्याला?"

मीनाताईंनी तोंडाला रुमाल लावला, पण हसू काही थांबेना. मग सगळ्याच हसत सुटल्या, उज्वलासुद्धा. आणि पदराच्या आत सुवर्णाही हसत होती, खांदे हलेपर्यंत. गोजराबाईने खुर्चीकडे बोट केलं. "पाणी पी अन् गप बस. आता ती बोलणार."

आणि सुवर्णा बोलली. कानाचं सांगायचं म्हणून तिने सुरुवात केली, पण तोंडातून निघालं ते कावळ्याचं. घाट, ऊन, अक्काबाई, दिलेला शब्द. मग ती थांबली. पुढचं तिने खुर्चीकडे न बघता, फरशीकडे बघत सांगितलं.

"ते गेल्याचा फोन आला तवा गॅसवर दूध व्हतं. मी आधी गॅस बंद केला. मग शेजारच्या बायका आल्या, रडारड सुरू झाली. मला बी रडायचं व्हतं, पण मला भूक लागली ताई. लय भूक. कधी लागली नाय अशी. मी आत गेले, फडक्यातली भाकर काढली आणि उभ्यानं खाल्ली. सगळी. बाहेर बायका रडत व्हत्या आणि मला बरं वाटत व्हतं." तिने पदराने तोंड पुसलं. "दहाव्याला कावळा येईना तवा मला कळलं. ह्यांनी ते बघितलंय. ती भाकर बघितलीय. म्हणून अडलेत. आता हितं, सगळ्यांच्या पुढं, कळणार. मी घाबरले. सुटका व्हावी म्हणून वन्सं म्हणतील ते बोलले. माझी लाज झाकायला पोर देऊन टाकली मी."

 मग एकेक आवाज आला. "ऐकलं." "ऐकलं." मीनाताईंचा अगदी हळू, "ऐकलं."

"ऐकलं," गोजराबाई म्हणाली. "आता नेम मोडते, ताई, रागवू नको. सुवर्णे, अगं मला न्यायचं घाटावर! मी डाकीण ना? एक शीळ घातली असती, सगळे कावळे खाली बसवले असते." कोणीतरी हसलं, पण गोजराबाई हसत नव्हती. "शब्द तू दिला. लगीन पोरीचं लागतंय. तिला ठावं हाय का, काय बघून दिला ते?"

"तिला कायच ठाऊक नाय. तिचे पप्पा म्हंजे देव हायेत."

 "कावळ्याबद्दल मी काही बोलणार नाही," उज्वला म्हणाली. "मला त्यातलं कळत नाही. पण ती भाकर खाल्ली म्हणून तुम्ही वाईट झाला नाहीत. भीती गेली की माणसाला भूक लागते. ह्या खोलीत मी ते पुष्कळदा ऐकलंय."

निघायची वेळ झाली तेव्हा मीनाताई तिच्याजवळ आल्या. उजव्या बाजूने आल्या. "मी माझ्या मुलाला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळं. कागदपत्रांसकट. त्याला बाप हवा होता आणि मी पुरावे देत बसले. तो पुण्याला असतो. माझा फोन घेत नाही." साडीचा पदर नीट करत त्या म्हणाल्या, "पुन्हा वेळ आली तरी सांगेनच मी. पण तुम्ही जाताना हे माहीत असू दे."

गुरुवारी सकाळी तोडणी उरकल्यावर सुवर्णाने रोशनीला विहिरीजवळच्या खोलीत नेलं. फुलांचे रिकामे क्रेट उलटे करून दोघी बसल्या. रोशनी रविवारच्या साडीबद्दल बोलत होती. सुवर्णाने तिला बोलू दिलं आणि मग सांगितलं. फार लांबवलं नाही. ताप नव्हता हे सांगितलं, आणि कान कुठे गेला तेही, म्हणजे याच खोलीत. नेम कसा होता, पोर घराबाहेर पडली की काय व्हायचं, तेही सांगितलं. किशोरचा तो तासभर आपल्याला का ओळखीचा वाटला, ते सांगितलं.

"खोटं बोलतेस तू," रोशनी म्हणाली. "तुला किशोर आवडत नाही, म्हणून पप्पांवर घालतेस. ते उत्तर द्यायला नाहीत ना आता."

 रोशनी खोलीभर बघत होती. भिंतीला टेकवलेल्या टोपल्या, खुंटीवरचा फवारणीचा पंप, कोपऱ्यातली सुतळीची गुंडी. या खोलीत ती लहानपणी कधीच आली नव्हती. इथे साप निघतात, असं पप्पांनी सांगून ठेवलं होतं. तिचा चेहरा हळूहळू बदलला. ती काहीतरी जुळवत होती आणि ते जुळू नये अशीही धडपडत होती.

"साप होते का इथे?" तिने विचारलं.

"नाय."

 विहिरीवरची मोटर चालू होती.

"मग तू मला दिलंस कसं?" रोशनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुला तो माणूस माहीत होता. किशोर पण दिसत होता तुला. तरी एवढ्या लोकांत हात जोडून देते म्हणालीस. मी कोण गं? पिंडावरचा भात?"

सुवर्णाकडे उत्तर होतं. बुधवारी सगळ्यांसमोर ते तिने सांगितलं होतं आणि सांगून तिला हलकं वाटलं होतं. आता पोरीसमोर ते तोंडात घेताना तिला कळलं की हे उत्तर त्या खोलीपुरतं होतं. इथे ते पुरणार नव्हतं.

"मी घाबरले व्हते," ती म्हणाली.

"आणि आता?"

"आता बी घाबरलेय."

रोशनी उठली आणि बांधाबांधाने घराकडे गेली. संध्याकाळी तिने स्वतःच आत्याला फोन केला. साखरपुडा होणार नाही, मला लग्न करायचं नाही, एवढंच बोलली. कारण सांगितलं नाही. पलीकडून आत्या ओरडत असताना तिने फोन बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

शनिवारी अक्काबाई आली. किशोर फाटकाबाहेर गाडीवरच बसून राहिला. त्याने सुवर्णाला हात केला, "बरी आहेस ना मामी?" म्हणाला, आणि हसला.

अक्काबाई ओट्यावर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "शब्द दिला व्हता तू. घाटावर. साऱ्या भावकीच्या देखत."

"दिला व्हता, वन्सं."

"मग?"

"मोडते."

"माझा भाऊ तळमळत फिरंल. त्याला ना वर जागा ना खाली. चालंल तुला?"

 सुवर्णा काही कावळ्याला खोटं म्हणायला शिकली नव्हती. रंगनाथ आता खरंच अडकणार, उपाशी, तहानलेला, मळ्याच्या कडेकडेने फिरणार, असं तिला अगदी स्वच्छ दिसत होतं. "फिरू द्या," ती म्हणाली.

 फाटकाकडे एक नजर टाकून अक्काबाईने आवाज खाली आणला. "आमचा बाप बी तसाच व्हता. माझ्या आईनं कधी तोंडातून अक्षर काढलं नाय. मेली तशीच. तूच मोठी बोलणारी निघालीस." आणि ती पायऱ्या उतरून गेली. उतरताना तिने गुडघ्यावर हात ठेवला होता आणि ती एकदम म्हातारी दिसत होती.

लग्न मोडलं. भावकीत बोलणं व्हायचं ते झालं. रोशनी मात्र आईशी बोलेनाशी झाली. स्वयंपाक करायची, तोडणीला यायची, फुलांचा हिशेब लिहायची, सगळं मुक्यानेच. भिंतीवरचा बापाचा फोटो तिने काढला नाही आणि त्याचा हारही बदलला नाही. पुढच्या बुधवारी सुवर्णा निघाली तेव्हा ती दारात उभी होती. "कानाला ना?" ती म्हणाली. सुवर्णा म्हणाली, "नाय. कानाला नव्हते जात." त्यावर रोशनीने नुसती मान हलवली.

मग एका सकाळी, झेंडूच्या दोन सऱ्यांमध्ये वाकलेली असताना, रोशनीने वर न बघता विचारलं, "मी दहावीत असताना तुझं मनगट मोडलं होतं. न्हाणीत पाय घसरला म्हणाली होतीस."

सुवर्णाचा हात फुलावर थांबला. "नव्हता घसरला," ती म्हणाली.

रोशनी पुढच्या झाडाकडे वळली. त्या दिवशी तिने आणखी काही विचारलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा. मामाच्या लग्नाला तू आली नव्हतीस, कांजिण्या झाल्या म्हणून, त्या होत्या का? नव्हत्या. मी सहलीहून आले तेव्हा तू आजीकडे गेली होतीस, ते? तेच. सकाळच्या तोडणीला एखादाच प्रश्न, कधी दोन. सुवर्णा खरं तेच सांगत होती, आणि दर वेळी बघत होती की पोरगी आपल्या बालपणातला एकेक दिवस उचलते, उलटा करते, आणि बापाला त्यातून बाहेर काढून ठेवते. रंगनाथच्या माराने तिला जे कधी झालं नव्हतं ते त्या प्रश्नांनी होत होतं. रात्री तिला वाटायचं, नसतं सांगितलं तर. सकाळी ती पुन्हा सऱ्यांमध्ये उभी राहायची आणि वाट बघायची, कारण तेवढंच एक बोलणं त्यांच्यात उरलं होतं.

मृग तोंडावर आला होता. त्या सकाळी हवा अगदी पडली होती. टोपल्या भरून झाल्या, दोघी लिंबाच्या सावलीत टेकल्या. रोशनी पाणी प्यायली, तिने बाटलीचं झाकण लावलं.

"आणि ते विंचूरचं?" तिने विचारलं.

"कोणतं?"

"मी चौथीत असेन. येवल्याहून लग्नावरून येत होतो. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, दुपारभर अडकलो आपण. पप्पांनी कलिंगड घेतलं. सुरी नव्हती, तर बुक्की मारून फोडलं. सगळा रस त्यांच्या सदऱ्यावर. तू इतकी हसलीस, इतकी हसलीस, की तुला ठसका लागला आणि तरी हसत होतीस." ती पहिल्यांदाच आईच्या तोंडाकडे बघत होती. "ते भीतीनं होतं का?"

सुवर्णाला ती दुपार आठवली. रस्त्यावरची धूळ, कांद्याचा वास, कोपरापर्यंत ओघळलेला लाल रस. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर पोरीचं काम संपलं असतं, मागे काही उरलंच नसतं. ती त्या दुपारीत भीती शोधत राहिली, प्रामाणिकपणे, रंगनाथच्या चेहऱ्यावर, त्याच्या मुठीत, आदल्या दिवसात, त्या रात्रीत. तिला सापडली नाही.

"नाय गं," ती म्हणाली. "ते खरंच हसत व्हते मी. त्या दिवशी तुझे पप्पा लय चांगले व्हते."

 ओठ घट्ट मिटून रोशनीने हे आत दाबायचा प्रयत्न केला, आणि तिला ते जमलं नाही.

"एवढ्याला तरी हो म्हणायचंस ना, आई," ती म्हणाली, आणि टोपलीच्या काठावर डोकं टेकून बापासाठी रडू लागली.